दिवस वाईट असताना चर्चचं वर्ष कसं धरावं

घरात आजारपण येतं, नोकरी जाते, कुणीतरी कायमचं जातं. चर्चच्या मंडळीतली माणसं भेटायला येतात, चहा होतो, प्रार्थना होते आणि चपला घालताना कुणीतरी म्हणतंच, "विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल." म्हणणाऱ्याचं मन चांगलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याला हे सांगितलं जातं, त्याच्याकडे त्या घडीला नेमका विश्वासच शिल्लक नसतो.

चर्चमध्ये नव्याने येऊ लागलेल्यांसाठी, लग्नामुळे ख्रिस्ती घरात आलेल्यांसाठी, किंवा लहानपणी संडे स्कूलला जाऊन मग वीस वर्षं न फिरकलेल्यांसाठी हे लिहितोय. त्यातही ज्यांचे सध्याचे दिवस बरे नाहीत, त्यांच्यासाठी. माझं सांगणं एवढंच, की अशा वेळी मनातून विश्वास ओढून काढायच्या खटपटीत पडू नका. चर्चचं वर्ष धरा. तुम्हाला आज कसं वाटतंय, हे ते विचारत नाही. या आठवड्यात काय वाचायचं, काय करायचं आणि काय करायचं नाही, एवढंच सांगतं. मन थकलेलं असताना तेवढंच झेपतं.

आधी आपण कुठे आहोत ते पाहा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गुड फ्रायडे, ईस्टर आणि नाताळ सापडतात. मधले महिने रिकामे दिसतात, पण ते रिकामे नसतात. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होतं. मग नाताळ, ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण, राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ, पवित्र सप्ताह, ईस्टरचे पन्नास दिवस, पन्नासावा तो पेंटेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, आणि त्यानंतर थेट पुढच्या आगमनकाळापर्यंत पसरलेले साधे आठवडे.

ईस्टरची तारीख दर वर्षी हलते, कारण मार्चमधल्या वसंतसंपाताला (दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा) किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार धरायचा असा हिशोब आहे. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. उदाहरण म्हणून एक वर्ष मांडून दाखवतो. आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबर २०२६, राखेचा बुधवार १० फेब्रुवारी २०२७, गुड फ्रायडे २६ मार्च, ईस्टर २८ मार्च आणि पेंटेकॉस्ट १६ मे. सिरियन परंपरेतल्या मंडळ्यांची मोजणी थोडी निराळी असते. बऱ्याच पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या नाताळ-ईस्टर सोडले तर हे ऋतू पाळतच नाहीत. तुमची मंडळी त्यांतली असली तरी बिघडत नाही, घरी पाळायला कुणाची ना नसते.

तारखा पाठ करायची गरज नाही. चर्चमध्ये गेलात की वेदीवरचं कापड आणि फादरांच्या किंवा पाळकांच्या गळ्यातली पट्टी कुठल्या रंगाची आहे ते बघा. जांभळा म्हणजे आगमनकाळ किंवा उपवासकाळ, वाट पाहण्याचे आणि अंतर्मुख होण्याचे दिवस. पांढरा म्हणजे नाताळ किंवा ईस्टर. लाल रंग पेंटेकॉस्टचा आणि रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे विश्वासासाठी मारले गेलेल्यांच्या, सणांचा. हिरवा म्हणजे साधे आठवडे. वर्षात दोन रविवारी, एकदा आगमनकाळात आणि एकदा उपवासकाळात, काही चर्चमध्ये गुलाबी दिसेल. गंभीर दिवसांच्या मध्यावर घेतलेली ती एक विश्रांती आहे.

हे वर्ष एसटीसारखं आहे, कुठल्याही थांब्यावर चढता येतं. आगमनकाळ येईपर्यंत थांबायचं कारण नाही.

पहिला आठवडा: जेवण, झोप आणि एक स्तोत्र

बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. पुरे झालं, म्हणतो. देवदूत येतो आणि त्याला उपदेश करत नाही. त्याच्या उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवलेली असते. एलीया खातो, परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो आणि पुन्हा खायला घालतो. देवाशी बोलणं त्यानंतर, बऱ्याच दिवसांनी होतं. नव्या माणसाने सुरुवात याच अध्यायापासून करावी असं मला वाटतं. ज्या आठवड्यात जेवणखाण बिघडलंय, झोप उडालीय, त्या आठवड्यात पहाटे चारला उठून प्रार्थना करण्याचा नेम धरू नका. कुणी कितीही आग्रह केला तरी.

त्या आठवड्यात दिवसाला एकच स्तोत्र वाचा, मोठ्याने, ठरलेल्या वेळी. समजलं नाही तर पुढे जाऊ नका, दुसऱ्या दिवशी तेच वाचा. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा. गाणं म्हणवत नसेल तर नुसते उभे राहा. एकत्र उपासनेचा उपयोग इथेच कळतो: तुमच्या तोंडून शब्द फुटत नसतात तेव्हा शेजारचे म्हणत असतात आणि तुमची जागा भरून निघते.

कॅथलिक चर्चमध्ये असाल तर बाप्तिस्मा झाल्याशिवाय मिस्सेत, म्हणजे तिथल्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तशरीर (आशीर्वादित भाकर) घेत नाहीत. तेव्हा जागेवरच बसून राहा, कुणी वावगं समजत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाचे नियम मंडळीगणिक वेगळे असतात, पाळकांना आधी विचारून घ्या. मंडळीत सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा स्वतःचा अनुभव सांगायला, सांगितलं, तर "आज नको" म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तक्रार कशी करायची ते शिका

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या माणसाला हे कुणी सांगतच नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. म्हणजे देवाच्या तोंडावर केलेली गाऱ्हाणी. तेराव्या स्तोत्रात अवघ्या दोन कडव्यांत "कोठवर?" हा सवाल चार वेळा येतो. बाविसावं सुरू होतं ते "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" या ओळीने, आणि येशूने वधस्तंभावर उच्चारलेली ओळ हीच. बेचाळिसाव्यात माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो, की तू असा खिन्न का झालास.

बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी वळण घेतात, देवाच्या उपकारांची आठवण काढतात. अठ्ठ्याऐंशीवं घेत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते तसंच राहू दिलं, शेवटी गोड ओळ चिकटवली नाही, याबद्दल मला त्या अनाम लोकांविषयी फार आदर आहे.

विलापगीत नावाचं एक आख्खं पुस्तकच आहे, पाच अध्यायांचं. यरुशलेम बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने इ. स. पू. सहाव्या शतकात उद्ध्वस्त केलं, त्यानंतरचं. त्यातले पहिले चार अध्याय हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. शहर जळलंय, पोरं भुकेने रस्त्यावर पडलीत, आणि कवी अक्षरांचा क्रम सांभाळत रडतोय. दुःखाला काहीतरी आकार हवा, नाहीतर माणूस त्यात वाहून जातो, हे त्याला ठाऊक असणार.

करायचं काय, तर एक वही घ्या. तेरावं स्तोत्र समोर ठेवा आणि त्याच घडणीत स्वतःचं लिहा: देवाला हाक, मग तक्रार, मग मागणं. तक्रारीत मोघम लिहू नका. "संकट आहे" असं नको. कर्जाचा हप्ता, हॉस्पिटलचा वॉर्ड, भावाने बोलणं टाकलंय, जे असेल ते नावानिशी. शेवटची विश्वासाची ओळ तुमच्याकडे नसेल तर जागा कोरी सोडा. काही महिन्यांनी तिथे काही सुचलं तर लिहा.

दुष्काळी भागातल्या वाचकांनी हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाचावा. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, अशी एक लांब यादी आहे, आणि "तरी" ती यादी संपल्यावरच येतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं "तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत" हे वचन व्हॉट्सअॅपवर रोज फिरतं. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय, ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

आगमनकाळ: चार रविवार वाट पाहायची

बाजारात नोव्हेंबरपासूनच चांदण्या आणि केक येतात. चर्चमध्ये त्या वेळी जांभळा रंग असतो आणि वाचनं असतात अंधाराची, जागं राहण्याची, रानात ओरडणाऱ्या, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची. दुःखात असलेल्या माणसाला बाजारापेक्षा चर्चचा डिसेंबर जास्त मानवतो.

जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर यांना हिटलरच्या राजवटीने एप्रिल १९४३ मध्ये पकडलं. त्या वर्षीच्या आगमनकाळाच्या तोंडावर त्यांनी बर्लिनच्या तेगेल तुरुंगातून लिहिलं, की कोठडीतलं जिणं आगमनकाळासारखंच आहे: माणूस आशा धरतो, बारीकसारीक कामं करत राहतो, पण दार बाहेरूनच उघडावं लागतं. त्यांचं दार सुटकेसाठी उघडलं नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फासावर चढवलं. मला त्यांचं ते पत्र खोटं पडलंय असं वाटत नाही, पण नव्या वाचकापासून शेवट लपवूनही ठेवायचा नाही.

घरी करायला एक सोपी गोष्ट आहे: आगमनकाळाचं चक्र. हिरव्या पानांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. हॅम्बुर्गमध्ये निराधार मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये हे सुरू केलं, असं मानतात. पोरं रोज विचारायची, नाताळ किती दिवसांवर आला, म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. आपल्याकडे सूचिपर्णी झाडाची डहाळी मिळत नाही, आंब्याची पानं चालतात. पहिल्या रविवारी तीन मेणबत्त्या विझलेल्याच असतात आणि त्या दिवशी ते तसंच असायला हवं.

नाताळ अंगावर येत असेल तर

घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तर चांदणी लावायची की नाही यावर नातेवाइकांत वाद होतात. माझं मत, एक दिवा लावावा आणि करंज्यांचा घाट घालू नये. मध्यरात्रीची उपासना झेपणार नसेल तर २५ तारखेच्या सकाळी जा, गर्दी कमी असते. आणि पुढचे दिवस बघा: २६ डिसेंबर हा दगडमार करून मारलेल्या स्तेफनाचा, २८ डिसेंबर हा हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा. पाळण्यापासून तीन दिवसांच्या आत चर्च रडणाऱ्या आयांपाशी पोचतं. ज्यांचं मूल गेलंय त्यांना त्या दिवसाचं वाचन, मत्तय २, जड जाईल, पण त्यांची आठवण चर्चने दिनदर्शिकेत ठेवलीय एवढं कळेल.

उपवासकाळ: काय सोडायचं, काय सोडायचं नाही

राखेच्या बुधवारी आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वापरलेल्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात आणि तू माती आहेस हे सांगतात. ज्याने नुकतंच कुणाला माती दिलीय त्याला हे नव्याने सांगायची गरज नसते. पण त्या दिवशी चर्चमधल्या प्रत्येकाला, धडधाकट तरुणाला आणि कडेवरच्या बाळालाही, तेच सांगितलं जातं. एरवी दुःखी माणूस एकटा वेगळा पडतो, त्या बुधवारी सगळे त्याच्या रांगेत येतात. त्याच दिवशीचं वाचन मत्तय ६ मधलं आहे: उपास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना दाखवत फिरू नका. राख लावायची आणि तोंड धुवायला सांगायचं, हा विनोद चर्चला शतकानुशतकं चालवून घेता आलाय.

हा काळ ईस्टरपर्यंत ४६ दिवसांचा आहे, पण रविवार उपासात मोजत नाहीत, म्हणून चाळीस. कॅथलिक नियमाप्रमाणे सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तेही १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांना: एक पूर्ण जेवण, दोन वेळा थोडंसं. बाकीच्या दिवसांचं लोक आपापलं ठरवतात. मटण-मासे सोडणं आपल्याकडे रूढ आहे. प्रॉटेस्टंट घरांत कुठे पाळतात, कुठे नाही.

मधुमेह असेल, औषधं चालू असतील, नैराश्यावर उपचार चालू असतील, बाळंतपण झालेलं असेल, तर अन्नाचा उपास करू नका. औषध थांबवून विश्वास सिद्ध करायला कुणी सांगितलं तर त्या माणसापासून लांब राहा, तो कितीही मोठ्या सभा घेत असो. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा मार्टिन ल्यूथर शहर सोडून गेले नाहीत, आजारी माणसांना घरात ठेवून घेतलं. पण त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, औषध घ्या, घराला धुरी द्या, गरज नसेल तिथे जाऊ नका. जो हे करत नाही तो देवाची परीक्षा पाहतो, असं त्यांचं मत होतं.

मग सोडायचं काय? वाईट दिवसांत आपण आधीच बरंच गमावलेलं असतं, त्यामुळे आणखी काही हिरावून घेण्यापेक्षा एखादी त्रास देणारी सवय सोडा. रात्री अंथरुणात पडून बातम्या चाळणं, दुसऱ्यांच्या सुखी घरांचे फोटो बघणं, झालेल्या गोष्टीवरून स्वतःला रोज शिव्या घालणं. यांपैकी एक निवडा आणि त्या वेळेत स्तोत्र वाचा. एक सुटलं तरी खूप झालं.

शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये क्रूसाची वाट असते. भिंतीवर चौदा चित्रं किंवा क्रूस, एकेका ठिकाणी थांबून प्रार्थना करत पुढे जायचं. परंपरेप्रमाणे येशू त्यात तीनदा पडतो, तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या ठिकाणी. कॅथलिक नसलात तरी सामील होता येतं. बसून बसून डोकं जड झालेल्या माणसाला चालत केलेली प्रार्थना बरी पडते.

पवित्र सप्ताह: एकही दिवस गाळू नका

वर्षभरात एकाच आठवड्याला सुट्टी टाकता येणार असेल तर या आठवड्याला टाका. नवी माणसं साधारण झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, येतात आणि थेट ईस्टरला उगवतात. म्हणजे जयजयकारापासून जयजयकारापर्यंत. मधलं सगळं निसटतं आणि संकटात लागणारं सगळं त्या मधल्या दिवसांत आहे.

गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी असतो. प्रभुभोजन होतं आणि मग कॅथलिक चर्चमध्ये वेदीवरचं सगळं उचलतात: कापड, फुलं, मेणबत्त्या. उरतो नुसता दगड. त्यानंतर काही तास येशूने पकडलं जाण्याआधी प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेची आठवण म्हणून लोक गप्प बसून राहतात. शिष्यांना त्या रात्री झोप आवरली नव्हती, तुम्हालाही आली तर घरी जाऊन झोपा.

शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातली दुःखसहनाची कथा वाचतात, क्रूसाचं चुंबन घेतात. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना असते, एकेका उद्गारावर एकेकाचं प्रवचन. ही तीन तासांची पद्धत पेरू देशातल्या लिमा शहरातून आली. १६८७ च्या भूकंपाने हादरलेल्या त्या शहरात जेझुइट धर्मगुरूंनी ती रुजवली. सात उद्गारांपैकी तीन लूकमध्ये, तीन योहानात आणि एकच मत्तय-मार्कात आहे. तो एक म्हणजे वर सांगितलेला बाविसाव्या स्तोत्राचा. पंख्याखालीही घाम येतो, सातवा उद्गार येईपर्यंत पोरं कंटाळतात, एखादे वक्ते वेळेचं भान सोडतात. तरी बसा. "मला तहान लागली आहे" हा उद्गार मराठवाड्यातल्या किंवा नगरच्या एप्रिलमध्ये ऐकायलाच हवा.

शनिवारी दिवसभर काही नाही. खरोखरच काही नाही: वेदी उघडी, घंटा बंद. शिष्यांना रविवार येणार हे माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी तो शनिवार शेवटचाच होता. रिपोर्टची वाट पाहणारे, हरवलेल्या माणसाची वाट पाहणारे, अंत्यविधी उरकल्यावर घरात बसलेले, हे सगळे शनिवारचे लोक आहेत. त्या दिवशी भाज्या निवडा, कपाट आवरा, दफनभूमीत जाऊन कबर साफ करून या. विधी नाही म्हणून दिवस चुकला असं समजू नका.

२०२० साली हा सगळा आठवडा टाळेबंदीत गेला. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला, ईस्टर १२ एप्रिलला, आणि चर्चची दारं बंद. त्याआधी २७ मार्चला, उपवासकाळातल्याच एका शुक्रवारी, पोप फ्रान्सिस व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर चर्चसमोरच्या रिकाम्या चौकात पावसात एकटे उभे राहिले. जवळ होता १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून फिरवलेला जुना क्रूस. वाचन निवडलं होतं मार्क ४ मधलं: वादळ, होडीत पाणी, येशू झोपलेला, आणि आम्ही बुडतोय याची तुला काहीच पर्वा नाही का, असं ओरडणारे शिष्य. जगभर लोकांनी ते मोबाइलवर पाहिलं. चर्च बंद असताना ऋतू मात्र आपल्या वेळेवर आले, ही गोष्ट त्या वर्षी अनेकांना पहिल्यांदा जाणवली.

ईस्टर: आनंद येत नसेल तरी पन्नास दिवस आहेत

शनिवारी रात्रीच्या जागरणात अंधारात विस्तव पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती आणि तिच्यावरून प्रत्येकाची. काही गावांत पहाटे प्रभातफेरी निघते. जमल्यास जा. पण जाऊन आल्यावर आत काहीच हललं नाही तर घाबरू नका. चर्चने या सणाला एक सकाळ दिलेली नाही, पन्नास दिवस दिलेत.

ईस्टरनंतरच्या रविवारी येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट वाचतात. संशयी म्हणून त्याला नावं ठेवतात. मला त्या गोष्टीतला मधला आठवडा महत्त्वाचा वाटतो. बाकीचे म्हणत होते, प्रभू दिसला. थोमा म्हणत होता, मी मानत नाही. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्याच खोलीत होता. त्यांनी त्याला काढलं नाही आणि तो उठून गेला नाही. विश्वास नसतानाही मंडळीत बसून राहायला आपल्याकडे तोंडपाठ दाखला हवा असेल तर तो हा आहे, आणि भारतातल्या ख्रिस्ती परंपरेने तर याच थोमाला आपला प्रेषित मानलंय.

दुसरं वाचन अम्माऊसच्या वाटेचं, लूक २४. येशूचे दोन शिष्य सुमारे अकरा किलोमीटर चालत यरुशलेमहून अम्माऊस गावी निघालेत आणि शेजारी चालणाऱ्याला सांगतात की आम्हाला आशा होती. होती, आता नाही. शेजारी चालणारा येशूच असतो, आणि ओळख देण्याआधी तो त्यांचं सगळं ऐकून घेतो.

हिरवे आठवडे: हाताला काम

पेंटेकॉस्टनंतर पावसाळा येतो आणि जवळपास सहा महिने वेदीवर हिरवं कापड राहतं. मोठे सण तुरळक. सप्टेंबरात वांद्र्याची मोत माउली आणि श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची यात्रा, २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. वसईकडे त्या दिवशी कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेल्या दिसतात. ज्यांचं माणूस गेलंय त्यांनी तो दिवस चुकवू नये.

बाकी हा काळ कामाचा. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. त्याच सुमारास मुंबईत प्लेग होता. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक लोकांच्या, गावठाणांच्या तोंडाशी दिसणारे अनेक क्रूस त्या प्लेगच्या दिवसांत उभारलेले आहेत. चर्चला जमता येत नव्हतं किंवा लोक घाबरलेले होते, तेव्हा गल्लीतल्या क्रूसापाशी प्रार्थना होत असे. मे महिन्यात आजही तिथे लोक जमतात, लादाईन (प्रार्थनेची माळ) म्हणतात, नंतर खाणंपिणं होतं. मुंबईत असाल तर जाऊन बघा.

दुसऱ्याच्या घरी दुःख असेल तेव्हा बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांची अर्धीच नक्कल करा. ते आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तिथवर सगळं ठीक होतं. मग तोंडं उघडून त्यांनी त्याला त्याचं पाप समजावायला घेतलं, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. डबा घेऊन जा, बिल भरायला रांगेत उभे राहा, "देवाची इच्छा" हे शब्द घरीच ठेवून या.

स्वतःचं मन आवरत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर पाळकांना सांगाच, पण तेवढ्यावर थांबू नका. डॉक्टरकडे जा. सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

थोडं बरं वाटू लागलं की चर्चमध्ये एखादं लहान काम मागून घ्या. फुलं लावणं, खुर्च्या मांडणं, उपासनेनंतर चहाची भांडी. वाचनाची पाळी मिळाली तर आदल्या आठवड्यातच उतारा विचारून ठेवा आणि घरी दोनदा मोठ्याने वाचा. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत नावं अवघड असतात. अडखळलात तर तसंच पुढे वाचत जा, मागच्या बाकावरच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.